लाभार्थी हाताळू नये

सरदारकी, मानचिन्हे व पदके संग्रहालय, मेलबर्न, येथे आपलं स्वागत आहे. हे मराठी ध्वनिमार्गदर्शन आहे. यंत्र कानाला लावावं. कपाटासमोर उभं राहून कपाटाचा आकडा दाबला की माहिती सुरू होते. सुरू झालेली माहिती मध्येच बंद करता येत नाही. ज्याअर्थी आपण बटण दाबलं त्याअर्थी ती आपल्याला हवी होती, असं संग्रहालय मानतं.

मार्गदर्शन मराठीत का, असं कुणी विचारेल. कोविडनंतर देशाची दारं उघडली आणि विद्यार्थ्यांनी विमानं भरभरून येऊ लागली. संग्रहालयाचं अनुदान चालू राहायचं तर 'समाजातल्या नव्या घटकांनी' ते पाहिलं पाहिजे, अशी अनुदान देणाऱ्यांची अट आहे. नवे घटक क्लेटन या उपनगरात राहतात. शनिवारी त्यांना भाड्याच्या घरांच्या इन्स्पेक्शनसाठी रांगेत उभं राहायचं असतं. इतर दिवशी युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, आणि शिफ्ट असते. म्हणून रविवार त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला आणि एक मराठी आवाज नेमण्यात आला. आवाजाच्या राहण्याची सोय या यंत्रात करण्यात आली आहे.

कपाट एक

आपल्यासमोर निळ्या मखमलीवर चांदीचा तारा आहे. मधोमध वाटसरूची काठी. 'वाटसरूंचे रक्षक' या सरदारगटाचं हे मानचिन्ह. एका डोंगरी रस्त्यावर प्रवाशांचं लुटारूंपासून रक्षण करायचं, अशी या सरदारांची शपथ होती. ती त्यांनी इतक्या मनापासून पाळली की काही वर्षांत लुटारू संपले. रस्ता सुरक्षित झाला. आता तारे परत करावे लागणार हे लक्षात येताच सरदारांची तातडीची बैठक झाली आणि वर्गणी काढून लुटारूंची नव्याने नेमणूक करण्यात आली. त्यानंतर हा गट आणखी दोनशे वर्षं सन्मानाने चालला.

इथलं मराठी मंडळ संग्रहालय बघायला आलं, त्या रविवारी संग्रहालयाच्या प्रमुख ग्लेनिस यांनी ही हकिकत सांगितली, तेव्हा मंडळातले बरेचजण हसले. मंडळाचे अध्यक्ष दत्तात्रय मात्र हसले नाहीत. त्यांनी आदराने मान डोलावली.

"प्रॅक्टिकल लोक होते," ते म्हणाले.

दत्तात्रय स्वतः विद्यार्थ्यांच्या आधीच्या लाटेत आले होते. पुण्याहून मेकॅनिकल इंजिनियर होऊन निघाले आणि इथे येऊन त्यांनी कुकरीचा डिप्लोमा केला, कारण त्या वर्षी देशाला आचारी हवे होते. देशाने त्यांना कायम ठेवून घेतलं. पोळी त्यांना अजून येत नाही. आता ते एका गोदामाचे मॅनेजर आहेत. चार बेडरूमचं घर आहे, पत्नी शोभा आहे, ओवी नावाची मुलगी आहे आणि मंडळ आहे. नव्हतं ते पदक.

कपाट दोन

या कपाटात संग्रहालयाचं स्वतःचं पदक ठेवलं आहे. या देशात नवे सरदार नेमणं बंद झालं आहे. सरदारच होणार नसतील तर संग्रहालयाने नवं काय दाखवायचं? म्हणून 'उघड्या दाराचं पदक' सुरू करण्यात आलं. परक्या देशातून आलेल्यांना आसरा देणाऱ्या समाजसेवकाला ते मिळतं. पितळी, रुपयाएवढं, त्यावर अर्धवट उघडं दार कोरलेलं. त्या दारातून कुणी आत येतंय की बाहेर जातंय, हे चित्रकाराने मुद्दाम स्पष्ट केलेलं नाही.

अट एकच. पुरावा म्हणून एक लाभार्थी प्रत्यक्ष हजर करावा लागतो. फोटो चालत नाही. गरज भागलेला लाभार्थीही चालत नाही. गरज चालू स्थितीत असली पाहिजे.

मंडळात आधार देणाऱ्यांची कमतरता नव्हती. अडचण लाभार्थ्याची होती. चांगले गरजू विद्यार्थी तेलुगू मंडळाने आधीच बुक केले होते. दत्तात्रय काळजीत असतानाच त्यांना निनाद नावाच्या मुलाचा फोन आला.

निनाद डेटा सायन्स शिकायला आला होता. क्लेटनच्या एका घरात, हॉलमध्ये, पडद्यामागे राहत होता. घरमालकाने ती जागा सोमवारपासून दुसऱ्याला दिली होती. पडद्यासकट.

"काका, सोमवारपासून कुठे जायचं तेच कळत नाहीये. तुमच्या ओळखीत एखादी खोली..."

"काका नको रे, दादा म्हण. आणि योग्य माणसाला फोन केलास. रविवारी मोकळा आहेस?"

"हो हो! खोली बघायला ना?"

"म्युझियम बघायला. फॉर्मल घाल काहीतरी. म्हणजे फार फॉर्मल नको. गरजू वाटला पाहिजेस, पण आपल्यातला."

निनादने विचारलं, की म्युझियमनंतर खोलीचं बोलता येईल का.

"अरे, म्युझियम म्हणजेच खोलीचं बोलणं," दत्तात्रय म्हणाले. "फक्त मोठ्या लेव्हलवर."

रविवारी निनाद इस्त्री केलेला शर्ट आणि विटलेली जीन्स घालून आला. त्याच्या हातात तबक देण्यात आलं. तबकात शाल आणि नारळ. ग्लेनिसबाईंचा सत्कार झाल्याशिवाय त्यांनी मंडळाला काही द्यावं, हे मंडळाच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. दत्तात्रय यांनी त्यांना शाल पांघरली. ग्लेनिसबाईंनी नारळ हलवून कानाशी धरला.

"आत काहीतरी आहे," त्या म्हणाल्या.

"पाणी," शोभावहिनी म्हणाल्या.

दालनात द्रवपदार्थ आणायला मनाई असल्यामुळे नारळ रखवालदाराच्या ताब्यात देण्यात आला. तो आज भेटवस्तूंच्या विभागात पाहता येईल. तडा गेलेला आहे, पण तो नंतर गेला.

मग दत्तात्रय यांनी निनादला पाठीवर हात ठेवून पुढे केलं. "अँड धिस," ते म्हणाले, "इज अवर निनाद. व्हेरी नीडी."

ग्लेनिसबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, समाधानाने "लव्हली" म्हटलं आणि त्याच्या मनगटाला दोऱ्याने एक आकडा बांधला. पदकासाठी सादर केलेल्या पुराव्याला आकडा बांधतात. खोलीच्या रांगेत आपला नंबर लागला, असं निनादला वाटलं.

कपाट तीन

या कपाटातल्या दोन तलवारी एकाच वेळी एकाच म्यानावर हक्क सांगणाऱ्या दोन भावांच्या आहेत. म्यान कपाटात नाही. ते न्यायालयात आहे.

याच कपाटासमोर मंडळाच्या सचिव विनीता यांनी निनादला हळूच बाजूला घेतलं. अध्यक्षपदाच्या मागच्या निवडणुकीत दत्तात्रय यांच्याकडून हरलेल्या त्या याच.

"ऐक, माझ्या गॅरेजच्या वर एक खोली आहे. छोटी आहे, पण हीटर आहे. उद्या सामान घेऊन ये."

निनादचा चेहरा असा उजळला की ग्लेनिसबाईंनी त्या बाजूचा दिवा मंद केला. जुन्या वस्तूंना इतका प्रकाश सोसत नाही.

"नक्की येतो ताई," तो म्हणाला. "थँक्यू. खरंच थँक्यू."

हे दत्तात्रय यांनी ऐकलं.

"विनीता, लाभार्थी मंडळाचा आहे."

"मंडळाने त्याला काय लाभ दिलाय?"

"द्यायचाय. अजून दिलेला नाही, म्हणूनच तो लाभार्थी. तू खोली दिलीस की तो भाडेकरू झाला. भाडेकरूवर पदक मिळत नसतं."

"मी भाडं घेणारच नाहीये!"

"बघा! ऐकलंत ना सगळ्यांनी? हिला पदकच पाहिजे."

"तुम्ही दोघंही पदक घ्या ना," निनाद मध्येच म्हणाला. "मला फक्त खोली..."

"तू थांब रे जरा," दत्तात्रय म्हणाले. "आम्ही तुझ्याबद्दल बोलतोय. तुझ्याशी नाही."

ओवीने फोनमधून मान वर केली. "बाबा, वी लिटरली हॅव अ स्पेअर रूम."

शोभावहिनींनी ताबडतोब मुलीचा गैरसमज दूर केला. "स्पेअर कुठेय गं ती? भरलेली आहे."

हे खरं होतं. चौथ्या बेडरूममध्ये दत्तात्रय यांचे सत्कार ठेवले होते. शाली, ॲक्रिलिकची स्मृतिचिन्हं, ऑस्ट्रेलियाच्या नकाशात बसवलेले गणपती, पुण्यातल्या शाळेने दिलेली समई, आणि ज्यांचे सत्कार व्हायचे होते पण आलेच नाहीत त्यांच्याही शाली. या सगळ्याखाली एक क्वीन साइज बेड होता. तो शेवटचा कोविडच्या आधी दिसला होता.

"नो वरीज," ग्लेनिसबाई म्हणाल्या आणि त्यांनी पांढरे सुती हातमोजे चढवले. एका पुराव्यावर दोघांनी हक्क सांगितला तर निकाल लागेपर्यंत तो संग्रहालयाच्या ताब्यात राहतो, असा नियम आहे. त्यांनी निनादचं कोपर अलगद दोन बोटांत धरलं.

"मला उद्या सकाळी लेक्चर आहे," निनाद म्हणाला.

"बोलतोसुद्धा!" ग्लेनिसबाई कौतुकाने म्हणाल्या. "कम दिस वे, मेट."

कपाट चार

कपाट चार सध्या बंद आहे. त्याची काच दुसरीकडे वापरली आहे.

कपाट पाच

हे कपाट नसून खोली आहे. 'सरदाराचं शयनगृह' इथे व्हायचं होतं. चिलखत आलं, पण पलंगाला पैसे पुरले नाहीत. ती जागा मोकळीच होती. वाद मिटेपर्यंत निनादला तिथे ठेवण्यात आलं आणि समोर कपाट चारची काच बसवण्यात आली. तापमान बारा महिने सारखं. हवेतला ओलावा मोजलेला. क्लेटनच्या पडद्यामागच्या मानाने ही प्रगती होती, आणि निनादने ती नाकारली असती तर रात्री कुठे गेला असता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला.

"मिळाली का रे खोली?"

"मिळाली. सिटीत."

"अगं बाई! कशी आहे?"

"हेरिटेज बिल्डिंग आहे. चोवीस तास सिक्युरिटी. एक भिंत पूर्ण काचेची."

"आणि भाडं?"

"घेत नाहीत."

"देवमाणसं आहेत रे. शेजारी कसे आहेत?"

निनादने शेजारी पाहिलं. शेजारी चिलखत होतं.

"शांत आहेत," तो म्हणाला.

लेक्चरचा प्रश्नही रीतसर सोडवण्यात आला. संग्रहालयातली वस्तू बाहेर न्यायची तर दुसऱ्या संस्थेने ती उसनी मागावी लागते. युनि त्याला लेक्चरपुरतं उसनं मागते. ग्लेनिसबाई त्याला बबलरॅपमध्ये गुंडाळतात, पाठीवर 'नाजूक' अशी चिठ्ठी लावतात आणि ट्रेनमध्ये बसवून देतात. त्याला बसायला जागा मिळते. पूर्वी मिळत नसे. आजवर त्याच्यावर एकही ओरखडा आलेला नाही, याची युनिने विशेष नोंद घेतली आहे.

वाद मिटवण्यासाठी मंडळाने सर्वसाधारण सभा बोलावली. कोरम झाला नाही. सभासद निनादला बघायला संग्रहालयात गेले होते. दुसऱ्या सभेत कोरम झाला, पण प्रास्ताविक, दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक करणाऱ्याचा सत्कार यांतच हॉलची वेळ संपली. तिसऱ्या सभेत ज्येष्ठ सभासद शैलेंद्र यांनी तोडगा काढला. एका गरजू मुलासाठी समाजातली दोन माणसं एवढ्या पोटतिडकीने भांडतात, याहून मोठा पुरावा कुठला? पदक दोघांनाही मिळावं.

ग्लेनिसबाईंना हे पटलं. पदकं देण्यात आली. टाळ्या झाल्या. वाद मिटला.

वाद मिटल्यावर पुरावा मूळ मालकाकडे परत जातो, असा नियम आहे. निनादने बॅग भरली आणि विनीता यांना फोन केला. त्या तडक आल्या. काचेसमोर उभ्या राहिल्या. छातीवर पदक होतं.

"ताई, निघू या?"

"अरे, खोली तुझीच आहे रे," विनीता म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "मी हीटरसुद्धा तपासून घेतला. पण ग्लेनिसने आत्ता सांगितलं, की लाभार्थी मूळ स्थितीत असेपर्यंतच पदक वैध राहतं. तुला खोली मिळाली, की गरज संपली. मग पदक परत."

"मग करा ना परत."

"माझं एकटीचं असतं तर आत्ता काढून दिलं असतं. पण दत्ताचंही जाईल ना. त्याचा विचार करायला नको?"

त्यांनी काचेवर हात ठेवला. आतून निनादनेही ठेवला. हा फोटो संग्रहालयाच्या माहितीपत्रकावर आहे. काचेवर हात ठेवू नये, अशी सूचना त्याच पानावर खाली आहे.

दत्तात्रय मागे राहिले नाहीत. लाभार्थी उघड्या फरशीवर झोपतो हे आपल्या पदकाला शोभत नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि चौथ्या बेडरूममधलं सगळं सामान संग्रहालयाला दान केलं. ट्रक आला. क्वीन साइज बेड आला, गादी आली, शाली आल्या, ॲक्रिलिकचे गणपती आले. आपण आत्ता पाहात आहात ती मांडणी हीच. शाली हिवाळ्यात उपयोगी पडतात.

दत्तात्रय घामाघूम होऊन बेडचे स्क्रू आवळत होते. निनाद त्यांना पाना देत होता.

"दादा, एक विचारू? हे सगळं इथे आलं. म्हणजे तुमची ती खोली आता रिकामी झाली?"

"एकदम! बारा वर्षांनी कार्पेट दिसलं रे."

"मग मी तिथेच येऊ का राहायला?"

दत्तात्रय यांनी पाना खाली ठेवला. हा मुलगा डेटा सायन्स शिकतो आणि याला एवढं साधं कळत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

"अरे राजा, तू तिथे आलास तर इथे काय दाखवायचं? आणि ती खोली रिकामी कुठेय? मधोमध टेबल ठेवलंय. टेबलावर मखमल. मखमलीवर पदक. वरून स्पॉटलाइट. शोभा दार बंदच ठेवते, धूळ बसते म्हणून."

"पदक केवढंसं असतं, दादा."

"म्हणूनच जागा लागते त्याला. गर्दीत दिसत नाही ना ते."

पुढची हकिकत थोडक्यात. संग्रहालयात एकाला खोली मिळाली, ही बातमी क्लेटनपासून पार ॲडलेडच्या मॉसन लेक्सपर्यंत पोचली. शनिवारी सकाळी दारात रांग लागू लागली. मुलं आपल्या शिफारशी, बँकेचे कागद आणि आधीच्या घरमालकांची पत्रं घेऊन येतात, काचेला नाक लावून आत बघतात आणि विचारतात, हे कधी रिकामं होणार? ग्लेनिसबाई सर्वांना नम्रपणे सांगतात, की प्रदर्शनात राहायला गरज अस्सल आणि दुर्मीळ असावी लागते. एवढे सगळेच गरजू असतील, तर त्याला संग्रह म्हणत नाहीत, गर्दी म्हणतात.

दालन सहा

आपण शेवटच्या दालनात आला आहात. इथून निनादची खोली मागच्या बाजूने दिसते. काच जाड असल्यामुळे तो काय बोलतो ते ऐकू येत नाही. ऐकायचं असल्यास नऊ दाबावं.

आपण नऊ दाबलं आहे.

"हॅलो? हॅलो, मराठी आहात ना? मी निनाद. तुमच्याकडे एखादी खोली आहे का हो? छोटी चालेल. मी स्वयंपाक करतो, आवाज करत नाही. कुणाच्या पदकाचं नाव काढणार नाही. हॅलो?"

धन्यवाद. प्रदर्शित लाभार्थ्याला उत्तर देऊ नये. त्याने त्याच्या मूळ स्थितीत फरक पडू शकतो.

उत्तर आपण मनातल्या मनात दिलं असेल, तर त्यालाही संग्रहालयाची हरकत नाही. खोली आहे, पण तिच्यात इस्त्रीचं टेबल आणि ती सायकल आहे. खोली आहे, पण डिसेंबरमध्ये सासूबाई येणार आहेत. खोली आहे, पण आजकाल कुणाचा भरवसा नाही. पाहुण्यांची ही उत्तरं संग्रहालयाने आजवर अनेक भाषांत ऐकली आहेत. भाषांतराची गरज कधीच पडली नाही.

ही माहिती शेवटपर्यंत ऐकल्याबद्दल आणि ऐकताना एकदा तरी "अरेरे" म्हटल्याबद्दल आपण 'उघड्या दाराचं पदक, तिसरा वर्ग' यास पात्र ठरला आहात. उजव्या हाताच्या खाचेतून ते बाहेर येईल. अभिनंदन.

यंत्र टोपलीत ठेवावं. पदक सांभाळून न्यावं, त्याला धूळ लागू देऊ नये. ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न आपल्याला पडणार नाही. खोली आहेच.